क्वार्टरबॅकच्या भवितव्यात त्याचाही शब्द हवा

दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, म्हणजे एनएफएल, तीन दिवसांचा ड्राफ्ट भरवते. ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडूंपैकी अडीचशेच्या आसपास जणांना आपापल्याकडे घेतात. त्याआधीचे चार महिने क्रीडावाहिन्यांवर आणि वृत्तपत्रांत एकाच प्रश्नाचा काथ्याकूट चाललेला असतो : अमुक विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, व्यावसायिक पातळीवर टिकेल की नाही? त्या निमित्ताने मुलाची उंची, तळहाताची लांबी, चेंडू हातातून सुटायला लागणारा वेळ, मुलाखतीत तो काय बोलला आणि त्याच्या घरचे वातावरण कसे आहे, या सगळ्याची चिरफाड होते. ज्या संघाकडे तो जाणार आहे त्या संघाची अशी तपासणी मात्र क्वचितच होते. माझे म्हणणे असे आहे की क्वार्टरबॅकचे भवितव्य जितके त्याच्या अंगच्या गुणांवर ठरते, निदान तितकेच ते त्याला कोणता संघ आणि कोणता प्रशिक्षक लाभतो यावर ठरते. ज्या गोष्टीवर सारे आयुष्य अवलंबून आहे तिच्याबाबत त्या मुलाला ब्र काढण्याचाही अधिकार नसणे हा अन्याय आहे, आणि तो दूर करता येण्यासारखा आहे.

ही वाट किती चिंचोळी आहे हे आधी पाहायला हवे. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात १३० हून अधिक विद्यापीठे आहेत आणि प्रत्येकाकडे तीन-चार क्वार्टरबॅक असतात; खालच्या विभागांतले आणखी वेगळे. एनएफएलच्या संघात ५३ खेळाडू असतात, त्यांत क्वार्टरबॅक दोन किंवा तीन, आणि मैदानावर एका वेळी एकच. इतर जागांवरचे खेळाडू आळीपाळीने मैदानात येतात, त्यामुळे नवख्याला थोडाथोडा खेळ मिळतो. क्वार्टरबॅकची जागा तशी नाही. आधीचा जायबंदी होईपर्यंत किंवा संघाच्या मनातून उतरेपर्यंत दुसऱ्याला ती मिळत नाही. महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएए हिच्या स्वतःच्याच अंदाजानुसार ड्राफ्टला पात्र ठरणाऱ्या फुटबॉलपटूंपैकी १.६ टक्क्यांच्या आसपास खेळाडू निवडले जातात. महाविद्यालयातली कीर्ती इथे फारशी उपयोगी पडत नाही. हाइसमन ट्रॉफी हा महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. २००३ मध्ये तो मिळवणारा ओक्लाहोमाचा जेसन व्हाइट ड्राफ्टमध्ये कोणत्याच संघाने घेतला नाही. १९९३ चा मानकरी चार्ली वॉर्ड याचीही तीच गत झाली आणि तो बास्केटबॉलकडे वळून न्यू यॉर्क निक्सकडून खेळला. अगदी अलीकडे, शाळेत असताना देशातला पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला क्विन युअर्स टेक्सास विद्यापीठाला सलग दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत घेऊन गेला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत २३१ वा निवडला गेला.

महाविद्यालयातला खेळ आणि व्यावसायिक खेळ यांत काम मुळातूनच बदलते, म्हणून असे होते. बहुतेक विद्यापीठे मैदानभर पसरलेले, वेगवान आक्रमण खेळतात. २०२४ मध्ये सर्वोच्च विभागात शिरस्त्राणातला स्पीकर येईपर्यंत खेळाडू रांगेत उभे राहिले की सगळेच्या सगळे मैदानाच्या कडेकडे पाहत, प्रशिक्षक हातवारे किंवा चित्रांचे फलक दाखवून चाल बदलत, आणि आजही क्वार्टरबॅक पुष्कळदा एकाच बचावपटूवर नजर ठेवून चेंडू द्यायचा की फेकायचा एवढेच ठरवतो. एनएफएलमध्ये प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या शिरस्त्राणातल्या छोट्या स्पीकरमधून येतो आणि चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. ऐकलेली लांबलचक संज्ञा त्याने साथीदारांना न चुकता सांगायची, रांगेशी येऊन मागचे दोन बचावपटू कोठे उभे आहेत ते पाहायचे, हल्ला कोणत्या बाजूने येणार हे ताडून त्याचे रक्षण करणाऱ्या समोरच्या फळीतल्या पाच जणांना सावध करायचे आणि गरज पडली तर चालच बदलायची. चेंडू हातात आल्यावर त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात बचावाने दाखवलेली मांडणी खरी होती की फसवी याचा निकाल लावायचा असतो. मैदानसुद्धा तेच राहत नाही. जिथून चाल सुरू होते त्या मधल्या खुणांच्या दोन ओळींमध्ये महाविद्यालयात ४० फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचे. त्यामुळे महाविद्यालयात एका बाजूला जी मोठी मोकळी जागा सापडते ती व्यावसायिक मैदानावर नाहीशी होते. एवढे सगळे बदलत असताना महाविद्यालयातले चित्रीकरण पाहून कोणी भविष्य वर्तवले तर ते अर्ध्या माहितीवरचे असते. उरलेले काम शिकवावे लागते. म्हणूनच शिकवणारा कोण, हा प्रश्न गौण राहत नाही.

२०१८ च्या ड्राफ्टचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक घेतले गेले : बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन शेवटचा, म्हणजे ३२ वा. यांतला ॲलन सर्वांत कच्चा समजला जात होता. शाळेतून बाहेर पडताना त्याला कोणत्याच मोठ्या विद्यापीठाने विचारले नव्हते. एक वर्ष कनिष्ठ महाविद्यालयात खेळून तो वायोमिंगला गेला, आणि तिथेही त्याचे जेमतेम ५६ टक्के पास नेमके पोहोचत. बफेलो बिल्सने त्याला घेतले तेव्हा संघाच्या चाहत्यांतही कुरकुर होती. पहिल्या हंगामात त्याची अचूकता ५२.८ टक्के होती. पण त्या वर्षांत बफेलोमध्ये मुख्य प्रशिक्षक बदलला नाही. आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डेबॉल पहिली चारही वर्षे तोच राहिला, समोरची फळी भक्कम केली गेली, आणि २०२० मध्ये स्टेफन डिग्ज हा अव्वल दर्जाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, आणला गेला. त्या वर्षी ॲलनची अचूकता ६९.२ टक्क्यांवर गेली. २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता रोझनकडे पाहा. जाणकारांच्या मते पाच जणांत त्याचे पासिंग सर्वांत शास्त्रशुद्ध होते. ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला घेतले, हंगामाच्या मध्यालाच आक्रमणाच्या प्रशिक्षकाला काढले, हंगाम संपताच मुख्य प्रशिक्षकाला एका वर्षात निरोप दिला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरे हा नवा क्वार्टरबॅक घेऊन रोझनला मायामीला पाठवून दिले. त्यानंतर त्याची कारकीर्द या संघातून त्या संघात फिरण्यातच गेली. रोझनमध्ये काहीच उणीव नव्हती असा माझा दावा नाही. त्याची उणीव कोणती होती हे कळण्याइतका अवधीच त्याला दिला गेला नाही, एवढेच म्हणणे आहे.

डार्नल्डची कहाणी तर या युक्तिवादाचा कणाच आहे. न्यू यॉर्क जेट्सने त्याला एकविसाव्या वर्षी थेट मैदानात उतरवले. पहिल्या हंगामानंतर प्रशिक्षक बदलला, दुसरा आला तोही दोन वर्षांत गेला, आणि तीन हंगामांनंतर संघाने डार्नल्डलाच विकून पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन हा नवा मुलगा घेतला. विल्सनचेही तेच झाले, तोही तीन हंगामांत बाहेर पडला. तोवर डार्नल्ड संपला असे सर्वांनी गृहीत धरले होते. कॅरोलायनात दोन अस्थिर वर्षे काढून तो २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसला, तिथला मुख्य प्रशिक्षक काइल शानहान याच्या हाताखाली शिकला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला १७ पैकी १४ सामने जिंकून दिले. पुढच्या वर्षी सिॲटलकडून खेळताना त्याने २०२६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हात तोच होता, पायही तेच होते. ज्यांनी २०२० मध्ये त्याच्या नावापुढे फुली मारली होती त्यांनी जेट्सच्या व्यवस्थापनाच्या नावापुढे ती का मारली नाही, याचे उत्तर मला आजवर कोठे वाचायला मिळालेले नाही.

मेफिल्डला क्लीव्हलंडमध्ये पहिल्या तीन हंगामांत चार मुख्य प्रशिक्षक पाहावे लागले. त्याला कॅरोलायनाकडे देऊन टाकले गेले, त्या संघानेही मध्येच सोडले, आणि टॅम्पा बे इथे त्याचा खेळ पुन्हा उभा राहिला.

उरला लमार जॅक्सन. त्याच्याबाबतीत भाकिताच्या आत दडलेला पूर्वग्रह उघडा पडतो. हाइसमन ट्रॉफी मिळवलेल्या या मुलाने क्वार्टरबॅकऐवजी रिसीव्हर व्हावे, असे जाहीरपणे सांगणाऱ्यांत लीगचे एक नामवंत माजी व्यवस्थापकही होते. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला दुसऱ्या जागेवर हलवण्याची ही सवय फार जुनी आहे. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडून चांगला खेळला आणि तरीही पुढे त्याला रिसीव्हर व्हावे लागले. वॉरन मून १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा मानाचा महाविद्यालयीन सामना जिंकून देऊनही ड्राफ्टमध्ये कोणाला नको झाला. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच वेळा तिथले अजिंक्यपद जिंकला, १९८४ मध्ये अमेरिकेत परतून ह्यूस्टनकडून खेळू लागला आणि २००६ मध्ये एनएफएलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. बॉल्टिमोरने जॅक्सनसाठी उलट वाट धरली. मुलाला साच्यात बसवण्याऐवजी २०१९ मध्ये संघाचे आक्रमणच त्याच्या धावण्याभोवती नव्याने बांधले, आणि त्याच वर्षी तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. जॅक्सनला घेतले गेले त्याआधी ३१ निवडी होऊन गेल्या होत्या, आणि त्याचे नाव त्यांतल्या एकीतही नव्हते.

इथे ड्राफ्टच्या मूळ नियमाकडे यावे लागते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेला संघ सर्वांत आधी निवड करतो. संघासंघांत समतोल राहावा हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की सर्वांत होतकरू क्वार्टरबॅक बहुधा सर्वांत विस्कटलेल्या घरात जाऊन पडतो, जिथे समोरची फळी दुबळी असते, मालक अधीर असतो आणि प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात असते. २०२४ चा पहिला क्रमांक केलब विल्यम्स शिकागोला गेला. त्याच्या पहिल्याच हंगामात आधी आक्रमणाच्या प्रशिक्षकाला आणि मग मुख्य प्रशिक्षकाला काढले गेले. २०२५ चा पहिला क्रमांक कॅम वॉर्ड टेनेसीला गेला आणि सहा सामने होतात न होतात तोच त्याच्या मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. हा वॉर्ड शाळेत असताना कोणत्याही मोठ्या विद्यापीठाला नको होता. सॅन अँटोनियोच्या छोट्या इन्कार्नेट वर्ड विद्यापीठातून वॉशिंग्टन स्टेट आणि तिथून मायामी अशी पायरी-पायरीने, स्वतः ठिकाण निवडत तो वर चढला होता. ज्या मुलाने प्रत्येक वेळी आपल्याला कोठे शिकायला मिळेल हे बघून पाऊल टाकले, त्याला सर्वांत मोठ्या वळणावर मात्र ते पाऊल टाकू दिले गेले नाही.

या बंधनाला आव्हान देणारे फार थोडे झाले, आणि ज्यांना ते जमले त्यांच्याकडे इतरांकडे नसलेले काही होते. जॉन एल्वेने १९८३ मध्ये बॉल्टिमोर कोल्ट्सकडे जाण्यास नकार दिला, कारण त्याला यांकीजकडून बेसबॉल खेळण्याचा पर्याय होता. ईलाय मॅनिंगने २००४ मध्ये सॅन दिएगोला नकार दिला, कारण वडील आर्ची मॅनिंग स्वतः दुबळ्या संघात वर्षानुवर्षे मार खाल्लेले नामांकित क्वार्टरबॅक होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. दोघांवरही लाडावलेले म्हणून टीकेचा भडिमार झाला, आणि पुढे दोघांनीही दोन-दोन सुपर बोल जिंकले. सॅन दिएगोचेही काही बिघडले नाही. मॅनिंगच्या बदल्यात झालेल्या अदलाबदलीत त्यांना फिलिप रिव्हर्स हा क्वार्टरबॅक मिळाला आणि तो दीड दशक त्यांचा आधारस्तंभ राहिला. खेळाडूच्या इच्छेला मान दिल्याने लीग कोसळत नाही, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

एक विसंगती फारशी बोलली जात नाही. ड्राफ्टमध्ये अजिबात न निवडल्या गेलेल्या खेळाडूला कोणत्याही संघाशी बोलण्याची मुभा असते. म्हणजे सातव्या फेरीत निवडला गेलेला मुलगा बांधला जातो, आणि त्याच्याहून कमी लेखला गेलेला मुलगा आपला प्रशिक्षक स्वतः निवडतो. टोनी रोमो २००३ मध्ये ईस्टर्न इलिनॉय या छोट्या विद्यापीठातून आला आणि कोणीच घेतला नाही, तेव्हा तो डॅलसला गेला. तिथल्या प्रशिक्षकांत त्याच्याच विद्यापीठाचा जुना क्वार्टरबॅक शॉन पेटन होता. रोमो तीन वर्षे बाकावर बसून शिकला, २००६ मध्ये मैदानात आला आणि जवळजवळ दशकभर त्या संघाचा क्वार्टरबॅक राहिला.

बाकावर बसवणे हाच सर्वांवरचा उपाय आहे असे मात्र नाही, आणि या बाबतीत मला घाईने सिद्धान्त मांडायचा नाही. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पहिल्याच हंगामात २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, तरी संघाने त्याला हलवले नाही आणि तो घडला. ट्रॉय एकमन १९८९ मध्ये खेळलेले अकराही सामने हरला होता. उलट ट्रे लान्सला सॅन फ्रान्सिस्कोने तीन पहिल्या फेऱ्यांची किंमत मोजून २०२१ मध्ये घेतले, शानहानसारखा शिक्षक दिला, एक वर्ष बसवले, आणि तरी जमले नाही. महाविद्यालयात त्याने अवघे १७ सामने सुरुवातीपासून खेळले होते. २०२० मध्ये साथीमुळे त्याच्या वाट्याला एकच सामना आला, आणि व्यावसायिक मैदानावर पाय रोवण्याआधीच २०२२ मध्ये घोटा मोडला. त्याच्या जागी पुढे आलेला जिमी गारोपोलोही डिसेंबरमध्ये जायबंदी झाला, तेव्हा उभा राहिला ब्रॉक पर्डी, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला २६२ वा आणि शेवटचा खेळाडू. आयोवा स्टेटमध्ये तो चार हंगाम मुख्य क्वार्टरबॅक होता. त्याने नियमित हंगामातले उरलेले सगळे सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी संघाला सुपर बोलपर्यंत नेले. प्रशिक्षक तोच, मैदान तेच. चार वर्षे खेळून शिकलेला मुलगा तयार होता आणि न खेळलेला नव्हता. मिच ट्रुबिस्की आणि अँथनी रिचर्डसन हे दोघेही महाविद्यालयात जेमतेम १३ सामने सुरुवातीपासून खेळून पहिल्या पाचांत निवडले गेले, आणि दोघांच्याही संघांना पश्चात्ताप करावा लागला. कॅम न्यूटनसारखा एखादा ऑबर्नमधल्या एकाच हंगामानंतर लीगवर राज्य करतो, हे खरे. पण त्याच्यासारखे शरीर घेऊन फार थोडे जन्माला येतात.

म्हणून ज्यांच्या घरात हा प्रश्न खरोखरच उभा आहे त्यांना माझा सल्ला असा की, दोन हंगाम पुरते खेळल्याशिवाय मुलाने महाविद्यालय सोडू नये. पूर्वी हा सल्ला देणे कठीण होते, कारण महाविद्यालयात मुलाला शिष्यवृत्तीपलीकडे कायदेशीररीत्या काही मिळत नसे, आणि गुडघ्याची एक इजा सारे धुऊन नेई. २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे थेट मोबदलाही देऊ लागली आहेत. एनएफएलमध्ये सातव्या फेरीतल्या मुलाला मुख्य चमूत जागा मिळाली तरच किमान वेतन मिळते, २०२५ मध्ये ते ८,४०,००० डॉलर होते. सरावाच्या चमूत त्याला त्या वर्षी आठवड्याला १३,००० डॉलरवर समाधान मानावे लागे आणि कोणत्याही मंगळवारी त्याला घरी पाठवता येते. मोठ्या विद्यापीठाचा मुख्य क्वार्टरबॅक आज महाविद्यालयातच याहून अधिक कमावू शकतो, खेळत राहू शकतो आणि पदवी पुरी करू शकतो. ओहायो, मिशिगन, टेक्सास इथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची मुले याच विद्यापीठांत शिकतात, शनिवारी त्याच प्रेक्षागारात बसतात. आपल्या मुलाने पदवी अर्धवट सोडावी असे त्यांतल्या एकाही घराला वाटणार नाही. मैदानावरच्या मुलाच्या आईवडिलांना वेगळे वाटावे असे काही कारण नाही.

पण महाविद्यालयाने दिलेले सर्वांत मोठे दान पैशाचे नाही. तिथे मुख्य प्रशिक्षक गेला की खेळाडूंना दुसरीकडे जाण्यासाठी खास मुदत दिली जाते, कारण मुलगा त्या माणसाच्या भरवशावर आला होता हे तिथे मान्य केले गेले आहे. विसाव्या वर्षी मिळालेला हा हक्क बाविसाव्या वर्षी, खेळ जास्त धोक्याचा आणि पणाला लागलेले जास्त मोठे झाल्यावर, नाहीसा होतो. माझी मागणी एवढीच आहे की तो व्यावसायिक करारात यावा. ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूच्या पहिल्या दोन हंगामांत संघाने मुख्य प्रशिक्षक बदलला, तर त्या खेळाडूला ठरावीक दिवसांत करारातून मोकळे होण्याचा पर्याय असावा. त्याने तो वापरलाच पाहिजे असे नाही. विल्यम्सला शिकागोत दुसऱ्या वर्षी बेन जॉन्सनसारखा आक्रमणाचा जाणकार मुख्य प्रशिक्षक मिळाला आणि संघ लीगमधल्या आपल्या गटात पहिला आला. न्यू इंग्लंडमध्ये ड्रेक मेच्या पहिल्या हंगामानंतर प्रशिक्षक बदलला आणि दुसऱ्या हंगामात तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. अशी मुले आनंदाने थांबतील. पण थांबायचे की नाही हे त्यांनी ठरवावे, आणि प्रशिक्षकाला काढण्यापूर्वी मालकाला आपला क्वार्टरबॅकही जाऊ शकतो याचा विचार करावा लागावा.

याला पहिला आक्षेप समतोलाचा येईल : असे झाले तर सगळे चांगले खेळाडू मोठ्या आणि उबदार शहरांत गोळा होतील. पण १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा आहे, आणि समतोल राखण्याचे बरेचसे काम तीच करते. कॅन्सस सिटी आणि ग्रीन बे ही काही महानगरे नाहीत. तिथे क्वार्टरबॅक फुलतात ते व्यवस्था नीट असल्यामुळे. पॅट्रिक महोम्स कॅन्सस सिटीत एक वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे शांतपणे शिकू शकला तो त्याच व्यवस्थेमुळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खरा गुणवान मुलगा कोठेही चमकतो, मग हा हक्क हवाच कशाला? सी. जे. स्ट्राउड आणि जेडन डॅनिअल्स ही नावे पुढे केली जातात, दोघेही पहिल्याच वर्षी झळकले. पण ह्यूस्टनने स्ट्राउडबरोबर नवा मुख्य प्रशिक्षक आणला होता, आणि वॉशिंग्टनचा मालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक हे तिघेही डॅनिअल्सच्या आधीच्या वर्षभरात बदलले होते. ती दोन्ही घरे आधी झाडून-पुसून स्वच्छ केली गेली होती. शिवाय जे स्वतःच्या वागण्यामुळे संपले, जसे जमार्कस रसेल किंवा रायन लीफ, त्यांना कोणताच नियम वाचवणार नाही. पण त्यांच्यामुळे इतरांवर दोष ठेवता येत नाही.

आणखी एक बाब आहे, आणि तिच्यामुळे हा हक्क आज अधिक निकडीचा झाला आहे. २०१० मध्ये पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता आणि त्यांतले पाच कोटी हमीचे होते. पुढच्या वर्षी नव्या करारनाम्याने नवख्यांच्या वेतनावर लगाम आला आणि कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी मिळाले. अनुभवी खेळाडूंच्या दृष्टीने तो बदल योग्य होता. पण त्यामुळे महागडा मुलगा स्वस्त झाला, आणि जे स्वस्तात येते ते टाकून देणेही सोपे होते. रोझनला एका वर्षात घालवणे ॲरिझोनाला परवडले ते याच कारणाने. ब्रॅडफर्डच्या काळात ते परवडले नसते. मुलाकडून पैसा काढून घेतला गेला आणि बदल्यात त्याला काहीच दिले गेले नाही.

कायद्याने हे बदलता येईल का? १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने जुना ड्राफ्ट स्पर्धाविरोधी ठरवला होता. तरीही ड्राफ्ट टिकून आहे, कारण तो खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात बसवला गेला. २००४ मध्ये मॉरिस क्लॅरेट या महाविद्यालयीन खेळाडूने शाळा संपल्यावर तीन वर्षे थांबण्याच्या अटीला आव्हान दिले, तेव्हा अपील न्यायालयाचा निकाल त्या वेळच्या न्यायाधीश सोनिया सोटोमेयर यांनी लिहिला : पुढे येणाऱ्यांच्या अटीही संघटना ठरवू शकते. म्हणजे ज्यांना अजून मतही नाही त्यांचे हित त्या वेळच्या सदस्यांच्या हाती आहे. सध्याचा करारनामा मार्च २०२० मध्ये झाला आणि तो २०३० च्या हंगामापर्यंत चालणार आहे. नव्या वाटाघाटींत संघटना वेतनाचा वाटा, सामन्यांची संख्या आणि निवृत्तिवेतन यांवर भांडेल, आणि ते तिचे कर्तव्यच आहे. प्रशिक्षक बदलल्यास मोकळे होण्याचे कलम तिने त्याच यादीत घालावे. त्यासाठी मालकांना एक डॉलरही जास्त द्यावा लागणार नाही, आणि ज्यांना त्याचा लाभ होईल ती मुले आज शाळेच्या मैदानावर पास फेकायला शिकत आहेत.